पडद्यावरील पहिली मोहिनी : कमलाबाई गोखले आणि त्यांच्या मातोश्री

आदिलाबादहून हैदराबादेकडे जाणाऱ्या महामार्गावर आमचे गुडीहत्नूर हे गाव लागते. येथूनच एक रस्ता पूर्वेस इंद्रवेल्ली व उटनूर यांकडे फुटतो. मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू व लमाणी अशा पाच भाषा ह्या टापूत सहज कानी पडतात. दिवाळीच्या सुमारास आसपासच्या गोंड वस्त्यांत दंडारीचा उत्सव सुरू होतो. मोरपिसांचे भव्य टोप घातलेले गुसाडी ढोलाच्या ठेक्यावर नाचू लागतात आणि त्यांच्याबरोबर स्त्रीवेष घेतलेली तरुण मुलेही फेर धरतात. ती मुले आहेत हे पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. विदर्भातील झाडीपट्टीच्या दंडारीत हेच, तमाशातील नाच्याच्या बाबतीत हेच, आणि ज्या भामिनीच्या भूमिकेने बालगंधर्वांनी १९११ पासून सारा महाराष्ट्र वेडा केला तिच्या बाबतीतही हेच. स्त्रीचे सोंग पुरुषाने आणावे, ही आपल्या सर्व मुलखाची, खेड्याची व शहराची, जुनी रीत होय.

ही रीत डोळ्यांपुढे असली म्हणजे एक प्रश्न आपोआप मनात येतो. आपल्या देशात चित्रपट नावाची कला जन्मास आली, तेव्हा तिच्या पडद्यावर स्त्री म्हणून प्रत्यक्ष स्त्री केव्हा उभी राहिली, आणि ती कोण होती? ह्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटाच्या इतिहासात एका ओळीत दिलेले असते. १९१३ सालच्या दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ ह्या मूकपटातील कमलाबाई कामत, म्हणजेच पुढील कमलाबाई गोखले, ही ती स्त्री होय. ओळ खरी आहे. परंतु एका ओळीत बसविलेल्या सत्याने पुष्कळदा मोठ्या सत्यावर पडदा पडतो. ह्या बाईंचे आयुष्य जवळजवळ एका शतकाचे होते, आणि त्यांतील मूकपटाचा भाग एका चित्रपटापुरता होता. शिवाय त्या चित्रपटात त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई त्यात पार्वती झाल्या होत्या. आमच्या मते ह्या प्रकरणातील खरे धैर्य आधी आईचे आहे, आणि ‘पहिली’ ह्या पदवीने ते धैर्य झाकले गेले आहे. हे कसे, ते दाखविण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

प्रथम त्या काळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ ह्या आपल्या पहिल्या चित्रपटाची जुळवाजुळव करू लागले, तेव्हा त्यांच्यापुढे पैशाइतकीच मोठी अडचण तारामतीची होती. वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन झाल्या, कलावंतिणींच्या वस्तीत विचारपूस करून झाली, परंतु कोणी स्त्री कॅमेऱ्यापुढे उभी राहण्यास तयार होईना. ज्या स्त्रिया गाणे-नाचणे हाच व्यवसाय करीत होत्या, त्यांनाही हा नवा धंदा आपल्या धंद्याहून हलका वाटावा, यातच त्या वेळच्या लोकमताचे सारे स्वरूप दिसून येते. पुरुष नटांची अडचणही लहान नव्हती. सिनेमात काम करतो असे सांगितले तर लोक नावे ठेवतील, म्हणून हरिश्चंद्राच्या ‘कारखान्यात’ नोकरीस आहोत असे सांगत जा, असा सल्ला फाळक्यांनी आपल्या माणसांस दिल्याचे प्रसिद्धच आहे. स्त्रीपार्ट करणाऱ्यांस मिशा उतरविण्याविषयी विनवावे लागले, कारण वडील हयात असता मिशी काढणे हे अशुभ समजले जाई.

अखेरीस ग्रँट रोडवरील एका खानावळीत अण्णा साळुंके नावाचा नाजूक अंगलटीचा तरुण फाळक्यांच्या दृष्टीस पडला. तेथे त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि अशा रीतीने हिंदुस्थानची पहिली चित्रपट-तारामती पाच रुपयांच्या वाढीवर पडद्यावर आली. ३ मे १९१३ रोजी मुंबईस गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि साळुंक्यांची तारामती लोकांनी आनंदाने पत्करली. नाटकात पुरुषाची तारामती पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांस पडद्यावरील पुरुषाची तारामती खटकण्याचे काही कारणच नव्हते.

वस्तुतः ह्या चित्रपटाच्या निर्मितीत एका स्त्रीचा फार मोठा हात होता. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने ह्या उद्योगासाठी मोडू दिले. फिल्मच्या पट्ट्यांस भोके पाडणे, रासायनिक द्रव्ये तयार करणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या चेहऱ्यांवर उजेड परतविणे आणि त्याखेरीज कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक रांधणे, ही सर्व कामे त्या करीत. पडद्यामागे स्त्रीचे श्रम समाजाला चालत होते, पडद्यावर तिचा चेहरा चालत नव्हता, एवढाच ह्याचा अर्थ.

आता दुर्गाबाईंकडे वळू. दुर्गाबाई कामत ह्या सातव्या इयत्तेपर्यंत शिकलेल्या होत्या. त्या काळच्या मानाने ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही. त्यांचा विवाह आनंद नानोसकर यांच्याशी झाला होता. हे गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. हा संसार टिकला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच पतिपत्नी विभक्त झाली, आणि १९०० साली जन्मलेली कमला ही मुलगी आईच्या पदरी राहिली. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात लहान मूल असलेली आणि कोणाच्या आश्रयास जाण्याची इच्छा नसलेली स्त्री त्या वेळी पोटापाण्यासाठी काय करू शकत होती? दुसऱ्याच्या घरी भांडी घासावीत, किंवा अब्रू विकावी, किंवा तोंडाला रंग लावावा. आणि समाजाच्या लेखी दुसऱ्या व तिसऱ्या मार्गांत फारसा भेद नव्हता. दुर्गाबाईंनी तिसरा मार्ग पत्करला. त्या नाटक मंडळीत शिरल्या.

हा निर्णय किती अवघड होता हे समजण्यास त्या वेळच्या मराठी रंगभूमीची घडण पाहावी लागेल. किर्लोस्कर मंडळीपासून पुढे नावारूपास आलेल्या सर्व मोठ्या नाटक मंडळ्या पुरुषांच्या होत्या. केवळ स्त्रियांनी चालविलेल्या काही मंडळ्याही होत्या, आणि त्यांत पुरुषांची कामेही स्त्रियाच करीत. परंतु प्रतिष्ठित समाज त्या मंडळ्यांचा खेळ पाहून येई आणि त्यांतील स्त्रियांची ओळख मात्र ठेवीत नसे. स्त्रीपुरुषांनी एकाच रंगमंचावर आपापल्या रूपाने काम करावे, ही गोष्ट तर लोकांच्या ध्यानीमनीही नव्हती. हिराबाई बडोदेकरांची मंडळी १९२९ साली निघाली आणि ‘आंधळ्यांची शाळा’ १९३३ साली रंगभूमीवर आले, तेव्हा कोठे सुशिक्षितांनी ह्या प्रथेस मनापासून मान डोलाविली. दुर्गाबाईंनी रंग लावला तो ह्याच्या सुमारे पाव शतक आधी. आपल्या समाजाने त्यांना वाळीत टाकले यात नवल नाही.

नाटक मंडळीचे जिणे म्हणजे फिरते बिऱ्हाड. आज एका गावी मुक्काम, उद्या दुसऱ्या. रात्री खेळ, दिवसा तालीम, आणि पावसाळ्यात चार महिने उत्पन्नाची चिंता. अशा जिण्यात कमलेला शाळा कोठून मिळणार? तिची शाळा म्हणजे विंगेतील अंधार आणि पेटीवरचे सूर. वयाच्या चौथ्या वर्षाच्या सुमारास ती रंगभूमीवर आली, ती पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे ह्या ना त्या रूपाने तेथेच राहिली. अक्षरओळख होण्यापूर्वी पदे पाठ झाली. आम्ही शिक्षक मंडळी शिक्षणाचा विचार करताना पाटी-पुस्तकाच्या पलीकडे सहसा जात नाही. परंतु त्या काळच्या नाटक मंडळीने निरक्षर मुलांच्या तोंडी जी संस्कृतप्रचुर मराठी शुद्ध उच्चारांसह बसविली, तीही एक प्रकारची पाठशाळाच होती, हे मान्य केले पाहिजे.

‘राजा हरिश्चंद्र’च्या यशानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड मुंबईहून नाशिकास हलविले आणि तेथे ‘मोहिनी भस्मासुर’ची तयारी आरंभिली. रघुनाथराव गोखले यांच्या चित्ताकर्षक नाटक कंपनीतील मंडळी ह्या चित्रपटासाठी त्यांना मिळाली. त्या कंपनीत दुर्गाबाई आणि कमला ह्या मायलेकी होत्या. दुर्गाबाईंना पार्वतीची भूमिका मिळाली आणि तेरा वर्षांच्या कमलेला मोहिनीची. त्यांच्या अगोदर भारतीय कथापटात स्त्रीची भूमिका स्त्रीने केलेली नव्हती. ह्या चित्रपटाला ‘पिठाचे पंजे’ नावाचा एक छोटा विनोदी चित्रपट जोडलेला होता, म्हणजे देवादिकांच्या कथेनंतर प्रेक्षकांस थोडे हसूनही घरी जाता येई.

येथे क्षणभर थांबून एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. भस्मासुराची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवीन तो भस्म व्हावा, असा वर शंकराने त्या असुरास दिला, आणि असुर उलटून शंकराच्याच मागे लागला. तेव्हा विष्णूने मोहिनीचे रूप घेतले, नृत्य आरंभिले, आणि त्या नृत्याची नक्कल करता करता असुराचा हात त्याच्याच मस्तकावर गेला. म्हणजे मोहिनी ही मुळात स्त्री नव्हे, ते विष्णूने घेतलेले स्त्रीरूप होय! ज्या देशात पुरुष स्त्रीचे सोंग घेत, तेथे पडद्यावर पहिल्याने आलेल्या मुलीच्या वाट्याला आली ती स्त्रीचे सोंग घेणाऱ्या पुरुषाची भूमिका. हा योगायोग खराच, परंतु मोठा अर्थपूर्ण आहे. आणि त्याच चित्रात अस्सल स्त्रीची, म्हणजे शंकराच्या अर्धांगीची, भूमिका तिच्या आईकडे होती. ‘पहिली अभिनेत्री’ कोण, हा वाद घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, ह्या मायलेकींत पहिली-दुसरी असा क्रम लावण्यात काही तथ्य नाही. दोघी एकाच चित्रपटात आल्या. मोहिनी ही नायिका म्हणून लोकांच्या स्मरणात राहिली, आणि पार्वती मागे पडली.

आणखीही एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कमलाबाईंची सर्व तयारी संगीत नाटकाची होती. त्या रंगभूमीवर कलावंताची पहिली परीक्षा गळ्याची. ‘वन्समोअर’ मिळे तो पदाला. त्या गळ्याचा मूकपटास काडीचाही उपयोग नव्हता. ज्या यंत्रापुढे त्यांना उभे केले गेले, त्याला कान नव्हते. समोर प्रेक्षक नव्हते, टाळी नव्हती, दिवे नव्हते. होते ते नाशिकचे ऊन, कारण त्या काळचे चित्रीकरण सूर्यप्रकाशावरच चालत असे. मोहिनीचे नृत्य पडद्यावर दिसले ते घुंगरांच्या आवाजाविना. तेरा वर्षांच्या मुलीकडून तिचे निम्मे भांडवल काढून घेऊन उरलेल्या निम्म्यावर तिला उभे करावे, अशातला हा प्रकार होता. मूकपटातील अभिनय हा सोपा अभिनय होता असे पुष्कळांस वाटते, परंतु नाटकातून आलेल्या कलावंताची बाजू पाहिली म्हणजे हे मत बदलावे लागते.

त्या मुकेपणाचा एक लाभ मात्र होता. शब्द नसल्यामुळे भाषेची वेस आडवी येत नव्हती. पडद्यावर दोन-तीन लिप्यांत मजकूर येई, आणि ज्यांस वाचता येत नसे त्यांस कथा आधीच ठाऊक असे. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन इंग्लंडास गेले, त्यांत ‘मोहिनी भस्मासुर’ही होता. नाटक मंडळीच्या मुक्कामांपलीकडे जिचे जग नव्हते, त्या मुलीचे रूप अशा रीतीने लंडनच्या पडद्यावर जाऊन आले. ती स्वतः मात्र तोपर्यंत पुन्हा नाटकाच्या कामास लागलेली होती.

येथून पुढील कथा मोलाची आहे, आणि तीच सहसा सांगितली जात नाही. सर्वसाधारण समजूत अशी आहे की, कमलाबाईंनी वाट पाडली आणि तिच्यावरून इतर स्त्रिया चालत आल्या. प्रत्यक्षात तसे घडले नाही. ‘मोहिनी भस्मासुर’नंतर चार वर्षांनी, १९१७ साली, फाळक्यांनीच ‘लंकादहन’ काढला. त्यात सीता कोण झाले? पुन्हा अण्णा साळुंकेच. एवढेच नव्हे, तर त्याच चित्रात रामाची भूमिकाही त्यांचीच होती. ज्याने दार उघडले त्यानेच ते पुन्हा लोटून घेतले, असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु फाळक्यांस त्याबद्दल दोष देणे योग्य होणार नाही. त्यांना स्त्री मिळाली होती ती एका नाटक कंपनीमुळे. कंपनी आपल्या मार्गाने गेली आणि समाज होता तेथेच राहिला. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. घरच्या मुलीलाही मुलाचाच वेष मिळाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९२० साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ काढला तेव्हा त्यांनाही सारा प्रयास मुळापासून करावा लागला. गुलाबबाई आणि अनसूयाबाई ह्या दोघींनी कामे केली. चित्रपटात त्यांची नावे कमलादेवी व सुशीलादेवी अशी झाली. त्यांनाही आप्तजनांचा रोष सोसावा लागला. १९२२ च्या सुमारास धीरेंद्रनाथ गांगुली यांनी आमच्या हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी स्थापन केली आणि निजामाच्या राज्यात मूकपट तयार होऊ लागले. परंतु १९२४ साली दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या एका स्त्रीची कथा सांगणारा ‘रझिया बेगम’ हा मूकपट दाखविल्यामुळे निजामाची खप्पा मर्जी झाली आणि त्यांना राज्य सोडून जावे लागले. पडद्यावरील स्त्री ही केवळ तिच्या घरच्यांची नव्हे, तर राजसत्तेचीही चिंता झाली होती, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

मुंबई-कलकत्त्याकडे सुलोचना, पेशन्स कूपर, जुबेदा अशा नट्यांनी पुढे मूकपट गाजविले. फातमा बेगम यांनी तर १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ स्वतः दिग्दर्शित केला. तरीही १९२७ साली सरकारने नेमलेल्या रंगाचारियार यांच्या चौकशी समितीपुढे, घरंदाज स्त्रिया ह्या धंद्यात का येत नाहीत, हा प्रश्न पुनःपुन्हा निघतच होता. फाळक्यांनीही ह्या समितीपुढे साक्ष दिली. पुढे १९३१ साली दुर्गाबाई खोटे मूकपटात आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ ह्या बोलपटात आल्या, तेव्हा खानदानी घराण्यातील सुशिक्षित स्त्री चित्रपटात आली म्हणून सर्वत्र कौतुक झाले. ते कौतुक योग्यच होते, कारण ती तारामती खरोखरीच संस्मरणीय ठरली. परंतु एक तारामती खानावळीतील तरुणाची आणि दुसरी खानदानी स्त्रीची, ह्या दोहोंमध्ये एकोणीस वर्षांचे अंतर आहे. त्या अंतरात ज्या स्त्रियांनी कामे केली, त्यांच्याकडे ‘घरंदाज’ ह्या शब्दाची मोजपट्टी घेऊन पाहणाऱ्यांस त्या दिसल्याच नाहीत. दुर्गाबाई कामत ह्या शिकलेल्या होत्या आणि एका अध्यापकाच्या घरातून बाहेर पडलेल्या होत्या. त्यांच्यात उणे असलेच तर ते एका घराचे. मागे घर असलेल्या स्त्रीचे पाऊल सुधारणेत जमा झाले आणि घर सुटलेल्या स्त्रीचे तेच पाऊल अधःपातात मोजले गेले.

कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. रघुनाथराव स्वतः एके काळी स्त्रीभूमिका करणारे नट होते. रंगभूमीवर स्त्री झालेल्या पुरुषाच्या पत्नीने पुढे रंगभूमीवर पुरुषांची कामे केली, हाही ह्या घराण्याच्या कथेतील एक विशेषच म्हणावयाचा. मंडळीच्या खेळांत कमलाबाई नायिका म्हणून पुढे आल्या, त्यांचे नाव झाले, आणि काही वर्षे सुखाची गेली. परंतु वयाच्या पंचविशीतच त्यांना वैधव्य आले. त्या वेळी दोन लहान मुले पदरात होती आणि तिसरे पोटात होते. आईवर जो प्रसंग आला होता, तोच दुसऱ्या रूपाने मुलीवर आला. आणि तिने शोधलेले उत्तरही आईचेच होते. तिने तोंडाचा रंग पुसला नाही.

एकटीने मुले वाढविताना नटीस काय काय करावे लागते, हे नाटक मंडळीचे व्यवहार ज्यांस ठाऊक आहेत ते समजू शकतील. मानाच्या भूमिकेची वाट पाहत बसता येत नाही. ज्या मंडळीत ‘नाईट’ मिळेल तेथे जावे लागते, नायिकेचे काम सुटले तर सासूचे घ्यावे लागते, आणि स्त्रियांच्या मंडळीत पुरुषपार्टाला कोणी नसेल तर डोक्याला फेटा बांधावा लागतो. कमलाबाईंनी हे सर्व केले. बोलपटांचे युग आल्यावर नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले, तेव्हा त्या पुन्हा चित्रपटांकडे वळल्या. ज्या यंत्राने त्यांचा गळा एकदा नाकारला होता, त्याला आता कान फुटले होते. चित्रपटातील त्यांची शेवटची भूमिका १९८० सालच्या ‘गहराई’मधील होय. १९१३ ते १९८० हा काळ सदुसष्ट वर्षांचा आहे. भारतीय कथापटाचे वय आणि ह्या बाईंच्या कारकीर्दीचे वय तोपर्यंत जवळजवळ एकच होते.

त्यांचे थोरले चिरंजीव चंद्रकांत गोखले यांचा जन्म १९२१ चा. हे लहानपणीच रंगभूमीवर आले आणि मराठी नाट्य-चित्रपटसृष्टीत आदराचे स्थान मिळवून २००८ साली निवर्तले. लालजी व सूर्यकांत ह्या दुसऱ्या दोघा पुत्रांनी तबलावादनात नाव मिळविले. चंद्रकांतांचे पुत्र विक्रम गोखले यांचा अभिनय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. ते २०२२ साली पुणे येथे वारले. दुर्गाबाईंपासून मोजल्यास कलावंतांच्या ह्या चार पिढ्या झाल्या. घराण्याच्या कलापरंपरेचा आरंभ आपण बहुधा एखाद्या पणजोबांपासून करतो. येथे तो एका पणजीपासून, आणि तोही समाजाने नावे ठेवलेल्या पणजीपासून करावा लागतो.

आणि एवढे असून ‘मोहिनी भस्मासुर’ आज पाहावयास मिळत नाही. मूकपटांची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि न पेटली तरी कालांतराने विरघळून जाई. बोलपट आल्यावर जुन्या रिळांस कोणी विचारीना. त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीही ती विकली गेली. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले, परंतु पूर्ण वा अपूर्ण अवस्थेत उरलेले अगदी मोजके. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी चिकाटीने जे हाती लागले ते जमविले. त्यामुळे ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग आणि ‘कालिया मर्दन’ आपणांस पाहावयास मिळतात. साळुंके दिसतात, मंदाकिनी दिसते. कमलाबाईंची मोहिनी आणि दुर्गाबाईंची पार्वती मात्र दिसत नाहीत. पडद्यावर प्रथम आलेल्या ह्या दोघी स्त्रियांच्या वाट्याला अशा रीतीने दुसरे मुकेपण आले.

सुदैवाने कमलाबाईंच्या बाबतीत एक भरपाई झाली. त्या अतिवृद्ध झालेल्या असता, १९९० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत, रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ नावाचा माहितीपट तयार केला. पुण्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या, शरीराने थकलेल्या, परंतु जुन्या नाटकांतील पदे आणि संवाद सहज म्हणणाऱ्या कमलाबाई त्यात दिसतात. येथे त्या कोणाचे सोंग घेत नाहीत आणि त्यांचा आवाजही आपल्यापर्यंत पोहोचतो. ह्यानंतर काही वर्षांनी, विसाव्या शतकाच्या अखेरीस, त्यांचे निधन झाले. दुर्गाबाईंच्या वाट्याला मात्र असा माहितीपट आला नाही. २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ ह्या मराठी चित्रपटाने फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाची कथा घरोघरी नेली, हे चांगलेच झाले. परंतु ती कथा जेथे संपते तेथून पुढची, ह्या मायलेकींची कथा, अद्याप पडद्याची वाट पाहत आहे.

हा विषय आम्ही गुडीहत्नूरसारख्या ठिकाणाहून का मांडीत आहोत, असे कोणी विचारील. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले व आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले, आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. सरहद्दी अशा हलत राहिल्या, तरी करमणूक करणारी माणसे त्या ओलांडीतच होती. गावच्या बाजारांत आणि जत्रांत पाल ठोकून खेळ करणाऱ्यांची परंपरा येथे जुनी आहे. इंद्रवेल्लीजवळील केस्लापूरची नागोबाची जत्रा पौष अमावस्येस भरते, तेव्हा गोंडांतील मेश्राम कुळाची माणसे दूरदूरहून येतात आणि त्यांच्याबरोबर इतरही शेकडो लोक. अशा ठिकाणी ज्यांनी आपली करमणूक केली, त्यांपैकी किती स्त्रियांची नावे आपण लिहून ठेवली आहेत? फाळक्यांसारख्या कीर्तिमान पुरुषाच्या चित्रपटात काम करून जर दुर्गाबाईंचे चरित्र इतके त्रोटक राहते, तर ज्यांचा फाळक्यांशी संबंध आला नाही त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

म्हणून अध्यापक बंधुभगिनींस आमची एक साधी सूचना आहे. ‘पहिली अभिनेत्री कोण?’ हा प्रश्न परीक्षेत विचारला जातो आणि मुले दोन शब्दांत उत्तर लिहून मोकळी होतात. त्या उत्तराबरोबर मुलांना तिच्या आईचे नाव सांगावे, आणि ‘लंकादहन’मधील सीता कोण झाले तेही सांगावे. ह्या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे, एखादी प्रथा एका दिवसात पडत नाही, ती पुष्कळांनी पुष्कळदा मोडल्यावर मग कोठे मोडते, हे मुलांना कोणी वेगळे शिकविण्याची गरज उरणार नाही. त्यानंतर त्यांस आपापल्या गावातील जुन्या माणसांकडे पाठवावे आणि तंबूत, पालात, देवळाच्या ओट्यावर खेळ करून गेलेल्या स्त्रियांची जी नावे त्यांना आठवतील ती लिहून आणावयास सांगावीत. ती आठवण असलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि हे काम एका शाळेने एका दिवाळीच्या सुट्टीत करण्याजोगे आहे.